श्वासयंत्राचा वास आणि त्याची अपुरी उत्तरे

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मिळून श्वसनमार्ग बंदच करून टाकतात. छाती हवा ओढण्याची धडपड करीत राहते, रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, शेवटी मेंदू दचकून जागा होतो, मोठ्याने घोरल्याचा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो आणि माणूस परत झोपी जातो. तासाला तीस-तीस वेळा हे घडले तरी सकाळी त्याला त्यातले काही आठवत नाही; राहते ते दिवसभराचे जडावलेले डोके, आणि हळूहळू वाढणारा रक्तदाब. या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यावरचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे सीपॅप हे यंत्र. त्यातला पंखा खोलीतली हवा आत ओढतो आणि ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाने ती नळी व मास्क यांच्या वाटे नाकात सोडतो. हवेचा हा दाब घशाला आतून टेकू देतो. घसा मिटत नाही, झोप मोडत नाही.

अलीकडे आपल्याकडेही हे यंत्र घराघरांत उशाशी दिसू लागले आहे. त्याबद्दलची एक तक्रार मात्र डॉक्टर, विक्रेते आणि कंपन्या या तिघांनाही नकोशी वाटते : ‘यंत्राला वास येतो.’ कुणाला प्लास्टिकचा येतो, कुणाला ओल्या मातीचा, कुणाला काहीतरी आंबल्याचा, कुणाला जळल्याचा. उत्तर बहुधा एकच असते : नवीन आहे, जाईल, किंवा, आम्हाला तर काही येत नाही. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा करायची आहे. ते नेहमी खोटे असते असे आमचे म्हणणे नाही. ते शोध सुरू होण्याआधीच शोध संपवते, ही आमची हरकत आहे.

आधी ‘आम्हाला तर काही येत नाही’ हे पाहू. विक्रेता येतो तो दिवसा. खिडक्या उघड्या, पंखा चालू. यंत्र पाच मिनिटे चालते, तो नळीच्या तोंडाशी नाक नेतो आणि निर्वाळा देतो. रुग्ण मात्र बंद खोलीत, तापलेल्या पाण्याच्या टाकीवरून आलेली उबदार, दमट हवा घेत असतो. पदार्थ तापला की त्याचे बाष्पन वाढते हे आपण आठवीच्या वर्गात शिकवतो. टाकी तापायला वेळ लागतो, आणि थंड यंत्राच्या हवेत जे नव्हते ते अर्ध्या तासाने येऊ शकते. शिवाय नाक हे उपकरण विलक्षण संवेदनशील असले तरी लवकर थकते. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांतच तो जाणवेनासा होतो. म्हणून झोपताना आलेला वास ‘नंतर गेला’ याचा अर्थ तो खरोखर गेला असा होत नाही. दोघांची निरीक्षणे वेगळी आली यात नवल ते काय? परिस्थितीच वेगळ्या होत्या. एका प्रयोगाचा निकाल दुसऱ्यावर लादण्याचा हा प्रकार आहे.

आता यंत्रातून किती हवा जाते त्याचा हिशेब करू. विश्रांतीत आपण मिनिटाला सहा ते आठ लीटर हवा घेतो. पण सीपॅपच्या मास्कला मुद्दाम बारीक भोके ठेवलेली असतात, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड वाहून जावा म्हणून. दहा सेंटिमीटर दाबाला या भोकांतून मिनिटाला साधारण ३० ते ४० लीटर हवा सुटत असते. ३५ लीटर धरले तर सात तासांत जवळजवळ १५ घनमीटर होतात, म्हणजे दहा फूट लांब-रुंद-उंच खोलीतल्या निम्म्याहून अधिक हवा. नाकात जाते ती त्यातली थोडीच. पण गाळणी, यंत्राचा अंतर्भाग, पाण्याची टाकी आणि नळी यांच्यावरून मात्र सगळी जाते. गाळणी धूळ आणि परागकण अडवते. बाष्प अडवणे तिचे काम नाही. उदबत्ती, डासांची कॉइल, नुकतेच पॉलिश केलेले कपाट, ओल धरलेली भिंत यांतले रेणू तिच्यातून सरळ पार होतात.

म्हणजे ‘यंत्राचा वास’ हा पुष्कळदा खोलीचाच वास असतो. पुष्कळदा तो नव्या मास्कच्या सिलिकोनमधल्या, उत्पादनात मागे राहिलेल्या लहान रेणूंचा असतो, आणि तो खरोखरच काही दिवसांत विरतो. इथे विक्रेत्याचे ‘जाईल’ बरोबर ठरते. टाकीत तेच पाणी चार दिवस राहिले तर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. मातकट वास आला तर जिओस्मिन या पदार्थाची शंका घ्यावी. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यातला हा प्रमुख घटक; काही नील-हरित शैवाले आणि मातीतले जिवाणू तो तयार करतात. पाण्यात तो लीटरमागे काही नॅनोग्रॅम इतका असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. शेवटी, वास रुग्णाच्या स्वतःच्या सायनसमधून किंवा हिरड्यांतूनही येत असेल. मास्क लावला की आपला उच्छ्वास आपल्यालाच भेटतो.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हे कोडे अगदी शाळेतल्या पद्धतीने सोडवले. ऑगस्ट महिन्यात त्यांच्या यंत्राला कुबट वास येऊ लागला. विक्रेता म्हणाला, “सर, मशीन चांगलंच आहे, मास्क बदलून बघा.” मास्क बदलला, वास तसाच. मग सरांनी वही घेतली आणि एका रात्री एकच गोष्ट बदलायची असे ठरवले. पहिल्या रात्री टाकी काढून ठेवली, वास आला. दुसऱ्या रात्री नवी नळी, आला. तिसऱ्या रात्री गाळणी बदलली, आला. चौथ्या रात्री सगळे पूर्ववत ठेवून यंत्र जमिनीवरून उचलून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, स्टुलावर ठेवले. वास नाही. पलंग आणि भिंत यांच्या बेचक्यात, ओल आलेल्या गिलाव्यापासून वीतभर अंतरावर यंत्राचे हवा घेण्याचे तोंड होते. एवढीच गोष्ट. पण मधल्या काळात विक्रेत्याने त्यांना एक महागडी पेटी घ्यायला सुचवले होते, ‘ओझोनने सगळे वास जातात’ असे सांगून. ती त्यांनी घेतली नाही, हे बरेच झाले.

या पेट्यांच्या जाहिरातींचा परामर्श इथे घेतलाच पाहिजे. ओझोनचे नावच मुळी वासावरून आले आहे. बाझेलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने विजेच्या प्रयोगांत येणाऱ्या विशिष्ट वासावरून १८४० साली या पदार्थाला ग्रीक भाषेतल्या ‘वास येणे’ या क्रियापदावरून नाव दिले. तोच वायू आज वास घालवणारा म्हणून विकला जातो. ओझोन तीव्र ऑक्सिडीकारक आहे, जिवाणू मारतो, काही दुर्गंधी रेणू तोडतो, हे खरे. परंतु तोडलेल्या रेणूंचे तुकडे नाहीसे होत नसतात. मास्कवर आपल्या त्वचेचे तेल लागलेले असते. त्या तेलावर ओझोनची क्रिया झाली की डेकॅनालसारखी अल्डिहाइडे आणि काही कीटोने तयार होतात आणि त्यांना स्वतःचे वास असतात. म्हणजे एक वास घालवताना दुसरे जन्माला येतात. शिवाय नळीत उरलेला ओझोन थेट फुप्फुसात जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर इशारा दिला की सीपॅप स्वच्छ करण्याचा दावा करणाऱ्या ओझोन आणि अतिनील किरणांच्या अशा साधनांना आपण मान्यता दिलेली नाही. ओझोनच्या साधनांनंतर खोकला, श्वास लागणे, डोकेदुखी, दम्याचा झटका अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. आणि जाहिरातीत शब्द असतो ‘ताजेपणा’!

ओझोनचे प्रकरण इथे संपत नाही. ते समजण्यासाठी यंत्राच्या पोटात डोकवावे लागेल.

ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली हा उपचार प्रथम करून पाहिला आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर असे. उशाशी व्हॅक्यूम क्लीनर चालू ठेवून झोपणे म्हणजे काय ते वाचकांनी कल्पनेनेच जाणावे. यंत्र घरात रुळायचे तर ते मुके करणे भाग होते, आणि आवाज शोषण्याचा सोपा मार्ग म्हणजे हवेच्या वाटेत फोम बसवणे. फिलिप्स रेस्पिरॉनिक्स या कंपनीने त्यासाठी पॉलिएस्टर जातीचा पॉलियुरेथेन फोम वापरला.

या बहुवारिकाच्या साखळीत एस्टर बंध असतात. पाणी आणि उष्णता यांच्या सान्निध्यात एस्टर बंध तुटतो आणि आम्ल व अल्कोहोल तयार होते. यालाच जलीय विच्छेदन म्हणतात. मौज अशी की तयार झालेले आम्ल पुढच्या बंधांच्या विच्छेदनाला उत्प्रेरक ठरते. त्यामुळे फोम बराच काळ ठीक दिसतो आणि मग झपाट्याने भुसभुशीत होतो. याचे उदाहरण प्रत्येकाच्या घरात सापडेल. चांगले महागाचे बूट कपाटात जपून ठेवावेत आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर बाहेर काढावेत, तर चार पावले चालताच तळ भुगा होऊन गळतो. न वापरता तळ कसा गेला, असे लोक विचारतात. पुष्कळ बुटांच्या तळाशी याच कुळातले पॉलियुरेथेन असते, आणि त्याला झिजवायला पाय लागत नाहीत, दमट हवा पुरते. पॉलिईथर जातीचे पॉलियुरेथेन पाण्यापुढे जास्त टिकते. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ही माहिती नवी नव्हती. आता कल्पना करा : ज्या यंत्राजवळ पाण्याची तापलेली टाकी आहे, जे रोज रात्री सात तास चालते, त्याच्या हवेच्या वाटेत हा फोम!

१४ जून २०२१ रोजी कंपनीने ही यंत्रे परत बोलावली. जगभरात त्यांची संख्या सुमारे ५५ लाख भरली. सूचनेत म्हटले होते की फोमचा भुगा होऊन त्याचे काळे कण श्वासात किंवा पोटात जाऊ शकतात आणि त्यातून काही बाष्पनशील रसायने बाहेर पडू शकतात. जास्त उष्णता, जास्त आर्द्रता आणि ओझोनसारख्या मान्यता नसलेल्या स्वच्छतापद्धती यांनी ऱ्हास वाढतो, असेही त्यात होते.

समीक्षेच्या दृष्टीने या सूचनेतल्या काही गोष्टींचे स्वागत केले पाहिजे. तिच्यात पदार्थांची नावे आहेत, संभाव्य लक्षणे आहेत, कारणमीमांसा आहे. परंतु तिचा रोख पाहा. उष्णता व आर्द्रता हे ‘वातावरण’ झाले, ओझोन ही वापरणाऱ्याची ‘चूक’ झाली, आणि फोमची निवड मात्र कुणीच न केल्यासारखी राहिली. आर्द्रता हा या यंत्राच्या बाबतीत बाहेरून आलेला अपघात नाही. ती यंत्राचा भाग म्हणूनच विकली जाते. मुंबईत किंवा पणजीत जुलै महिन्यात कोरडी हवा कुठून आणायची? अमेरिकी प्रशासनाने २०२१ मध्ये कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातील कारखान्याची तपासणी केली. फोमच्या ऱ्हासाविषयी किंवा बाष्पनशील पदार्थांविषयी कंपनीला माहिती असल्याचे दाखवणारे १४ अहवाल व नोंदी तेव्हा समोर आल्या. त्यांतल्या सर्वांत जुन्या २०१६ च्या होत्या.

ओझोनबद्दलचा कंपनीचा मुद्दा आकड्यांनी काही अंशी खरा ठरला, हेही सांगितले पाहिजे. परत आलेल्या यंत्रांच्या पाहणीत, ओझोन न वापरल्याचे सांगणाऱ्यांच्या यंत्रांपैकी सुमारे अर्धा टक्का यंत्रांत फोमचा ठळक ऱ्हास दिसला. ओझोन वापरल्याचे सांगणाऱ्यांत तो सुमारे ७ टक्के, म्हणजे चौदा पट होता. पण लोकांनी ओझोनची पेटी का घेतली होती? बऱ्याच जणांनी वास आणि कुबटपणा यांना कंटाळून. वास आला, उत्तर मिळाले नाही, म्हणून ओझोन घेतला. ओझोनने फोम खाल्ला. फोममधून नवा वास आला. या साखळीची पहिली कडी म्हणजे ‘काही नाही, जाईल’ हे उत्तर. पाहणीतली आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या ध्यानात येईलच : ही विभागणी लोकांच्या सांगण्यावर केलेली होती, आणि ‘ठळक ऱ्हास’ डोळ्यांना दिसलेला होता. बाष्प डोळ्यांना दिसत नाही.

येथे दुसऱ्या टोकाची चूकही नोंदवतो, कारण २०२१ नंतर ती फार पसरली. काही जणांनी वास म्हणजे विष असे समीकरण मांडले आणि यंत्र कोपऱ्यात ठेवून दिले. वासाची तीव्रता आणि अपायाची तीव्रता यांचा असा थेट संबंध नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला वास असावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. त्याचा उग्र वास आपले रक्षण करतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय माणूस मारतो. परत बोलावण्याच्या सूचनेत ज्याचे नाव होते ते डायएथिलीन ग्लायकॉल जवळजवळ गंधहीन आहे. औषधातल्या ग्लिसरीनमध्ये मिसळले गेलेले हेच द्रव्य १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्णांच्या मृत्यूला कारण झाले होते. तेथे ते पोटात गेले होते आणि मात्रा मोठी होती. फोमच्या कणांतून मिळणारी मात्रा हा स्वतंत्र मोजमापाचा प्रश्न आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या आरोग्य-नोंदींवरच्या अभ्यासात या कंपनीची यंत्रे वापरणारे आणि इतर यंत्रे वापरणारे यांच्यात कर्करोगाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. कर्करोग व्हायला लागणारा काळ लक्षात घेता हा निकाल अंतिम नव्हे, पण घाबरलेल्या माणसाला तो सांगायला हवा. उलट बाजूला, उपचार सोडलेल्या रुग्णाचा घसा त्याच रात्रीपासून पुन्हा मिटू लागतो. दुसऱ्या दिवशी गाडीच्या चाकामागे त्याला डुलकी लागू शकते. म्हणून संशय आला तरी डॉक्टरांशी बोलल्याविना यंत्र बंद करू नये, हाच सल्ला तेव्हा दिला गेला आणि तो योग्य होता.

कायद्याच्या बाजूने हे प्रकरण २०२४ च्या एप्रिलमध्ये एका टप्प्याला आले : अमेरिकी न्यायालयाच्या आदेशाने कंपनीवर सुधारणेच्या अटी आल्या, आणि दायित्व मान्य न करता ११० कोटी डॉलरची तडजोड झाली. या आकड्यांत आम्हाला फारसा रस नाही. आम्हाला रस आहे तो नाकाला दिलेल्या वागणुकीत. गंधद्रव्यांचे विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळांत वायु-वर्णलेखक यंत्राच्या शेवटी एक फाटा काढलेला असतो आणि तिथे चक्क माणूस नाक लावून बसतो. यंत्रातून एकेक घटक वेगळा होऊन बाहेर येतो तसा तो ‘आता लसणासारखा, आता रबरासारखा’ अशी नोंद करतो. कित्येक रेणू यंत्राच्या आलेखावर उमटत नाहीत, पण या माणसाला कळतात. प्रयोगशाळेत ज्या इंद्रियाला मोजमापाचे साधन म्हणून पगार मिळतो, त्याच इंद्रियाची साक्ष रुग्णाने दिली की ‘तुम्हाला भास होतो’ म्हणायचे, ही दुटप्पी रीत झाली. भास होऊ शकतो. सर्दीनंतर किंवा काही औषधांनी गंधभ्रम होतो. पण तो तपासून ठरवायचा असतो. यंत्र बंद असताना, दुसऱ्या खोलीत, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नाकाशी वास येतो का हे पाहायला खर्च काही नाही.

उपकरणांच्या माहितीपुस्तिकांचा दोषही हाच. शेवटच्या पानांवर ‘तक्रार, कारण, उपाय’ असा तक्ता असतो. हवा कमी येते, पाणी गळते, आवाज येतो, हे सारे तिथे असते. आमच्या पाहण्यात आलेल्या पुस्तिकांत वासाला एक तर जागा नाही, किंवा ‘भाग धुवावेत’ एवढीच आहे. श्वासमार्गातल्या उपकरणांतून निघणारे कण आणि बाष्पनशील पदार्थ कसे मोजावेत याचे आंतरराष्ट्रीय मानक २०१७ साली आले. ते आवश्यकच होते. परंतु नव्या यंत्रावर घेतलेले मोजमाप तीन पावसाळे पाहिलेल्या यंत्राला लागू पडेलच असे नाही. त्या यंत्रापाशी दर रात्री हजर असते ते रुग्णाचे नाकच.

एका वासाबाबत मात्र वही काढून प्रयोग करीत बसू नये. तो म्हणजे जळका वास. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने त्याच कंपनीच्या ‘ड्रीमस्टेशन २’ या पुढच्या यंत्राविषयी वेगळा इशारा दिला : १ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर या साडेतीन महिन्यांत अति तापणे, धूर, आग, भाजणे अशा २७० नोंदी आल्या होत्या, आधीच्या तीन वर्षांत त्या तीसही नव्हत्या. जळका वास आला की आधी प्लग काढायचा आणि यंत्र तज्ज्ञाला दाखवेपर्यंत पुन्हा लावायचे नाही.

बाकी वासांची तक्रार करायला आपल्याकडेही जागा आहे. वैद्यकीय उपकरणांपासून होणाऱ्या अपायांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ सालापासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो, आणि तिथे रुग्णही कळवू शकतात. लिहिताना ‘वास येतो’ एवढ्यावर थांबू नये. यंत्राचा नमुना आणि खरेदीचे वर्ष, वास कशासारखा, यंत्र सुरू केल्यावर किती वेळाने, टाकी असताना व नसताना, खोली बदलल्यावर, ओझोन वापरला होता की नाही, नळीत काळे कण दिसले का, इतके लिहावे. मुख्याध्यापकांच्या वहीत यातले बहुतेक होते, आणि त्यांना चार रात्री लागल्या.